इंजिनाचे आकडे वाचायला शिका



आपली अनेक मुले गॅरेजमध्ये काम शिकतात. त्यांचा हात लवकर तयार होतो. परंतु आकड्यांची ओळख न झाल्यामुळे ती वर्षानुवर्षे मदतनीसच राहतात. म्हणून आम्ही आज इंजिनाच्या आकड्यांविषयी बोलणार आहोत.

रस्तोरस्ती दिसणारी स्प्लेंडर मोटारसायकल घ्या. तिच्या सिलिंडरचा व्यास, म्हणजे बोअर, ५० मि.मी. आहे. पिस्टनची वरखाली चाल, म्हणजे स्ट्रोक, ४९.५ मि.मी. आहे. हे सेंटिमीटरमध्ये मांडू : ५ × ५ × ०.७८५४ × ४.९५ = ९७.२. हेच ते ९७.२ सी.सी.! शाळेत शिकलेले वृत्तचितीचे घनफळ ते हेच.

आता सिलिंडर झिजला, तो पाव मि.मी. मोठा करून ओव्हरसाइज पिस्टन बसवला, तर काय होईल? हिशेब केला तर ९८.२ सी.सी. येतात, वाढ फक्त एका सी.सी.ची. म्हणजे रिबोअर ही दुरुस्ती आहे, ताकद वाढवण्याची युक्ती नव्हे. गिऱ्हाइकाला हे पटवून सांगता येणे हीच कारागिराची पत होय.

ट्यूनिंगचेही तसेच आहे. एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. पेट्रोल फार कमी केले तर इंजिन तापते, पिस्टनला धोका पोहोचतो. जास्त झाले तर प्लगवर काजळी धरते. टॅपेट गरजेपेक्षा घट्ट केला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो. म्हणून फिलर गेज वापरावे, कंपनीच्या पुस्तिकेतील माप पाहावे, अंदाजाने पाना फिरवू नये. सायलेन्सर पोकळ करून आवाज वाढतो, त्याला ट्यूनिंग म्हणत नाहीत.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बी.एस. सहा मानक लागू झाले. नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. तेथे कानाने ऐकून जेट फिरवणे चालत नाही. सेन्सरचे व्होल्ट मोजावे लागतात. ज्याला आकडे वाचता येतील, त्याचेच काम टिकेल.

तेव्हा मित्रहो, पान्याबरोबर खिशात वही-पेन्सिलही ठेवा. प्रत्येक गाडीची मापे लिहून काढा. वर्षभरात ती वहीच तुमची गुरू होईल.