सोलापूरच्या घरासाठी पत्रा घेताना

(रेडिओवरील भाषण)

सोलापुरात छपराची खरी परीक्षा पावसाळ्याआधीच होते. एप्रिल-मे महिन्यांत पारा 42-43 अंशांच्या घरात असतो, पत्रा दुपारभर तापत राहतो, आणि उन्हं कलली की धुळीचे लोट उठवत वळीव येतो. कधी गाराही पडतात. 2014 सालच्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीचा तडाखा या जिल्ह्याला चांगलाच बसला होता. वर्षाचा पाऊस मात्र कोकणाच्या मानाने थोडा, आणि त्यातलाही मोठा वाटा सप्टेंबरात पडून जातो. त्यामुळे इथले छप्पर आधी उन्हासाठी, मग वाऱ्यासाठी आणि त्यानंतर पावसासाठी निवडावे लागते. पत्र्याच्या दुकानात गिऱ्हाईक बहुतेक दोनच गोष्टी विचारते : फुटाला भाव काय, आणि गळणार तर नाही ना. खरेदीतल्या निम्म्याहून अधिक चुका या दोन प्रश्नांपाशी थांबल्यामुळे होतात.

भवानी पेठेसारख्या दाट वस्तीत ही निवड आणखी नाजूक होते. रूपाभवानीच्या मंदिराचा हा परिसर आणि शहराचा एकूण पूर्व भाग विणकरांचा आणि विडी कामगारांचा. घर आणि माग एकाच छताखाली असण्याची रीत इथे जुनी आहे. बायका दिवसभर घरातच विड्या वळतात. म्हणजे भर दुपारी, पत्रा सर्वांत जास्त तापलेला असताना, त्याच्याखाली कोणीतरी बसून काम करत असते. घर हाच कारखाना असेल, तर छप्पर हे कामाच्या जागेचे छप्पर म्हणूनच घ्यायला हवे.

पत्रा येण्याआधी या भागातले छप्पर म्हणजे माळवद. भिंतींवर तुळया, तुळयांवर किलच, त्यावर पाला किंवा कडबा आणि वर मातीचा जाड थर. उन्हाला याच्याइतके चांगले छप्पर क्वचितच असेल. पण दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर माती असली, तर तिचे वजन साडेचार टनांच्या आसपास भरते. दरवर्षी गळती बुजवायला वरून नवी माती टाकण्याच्या सवयीने ते वाढतच जाते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हीच छपरे मातीत बांधलेल्या दगडी भिंतींसह झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो माणसे गेली. त्यानंतर या पट्ट्यात हलक्या छपराकडे लोकांचा ओढा वाढला, आणि तो योग्यच होता. त्याच खोलीवर लोखंडी पत्रा आणि पाइपचा सांगाडा मिळून दीडशे किलोही भरत नाहीत. मात्र जुनी माती तशीच ठेवून तिच्यावर पत्रा ठोकला, तर भिंतींवरचा भार तसाच राहतो, आणि वाळवी लागलेल्या तुळया पत्र्याआड दडून जातात. माळवद काढायचे असेल तर माती आधी उतरवावी. ठेवायचे असेल तर तुळया टोचून, ठोकून पाहाव्यात आणि मगच पुढचा विचार करावा.

हलक्या छपरासोबत उष्णता आली. गडद निळा आणि विटकरी हे पत्र्याचे बाजारात सर्वांत खपणारे रंग, आणि सोलापूरच्या उन्हाला सर्वांत न मानवणारेही हेच. गडद रंगाचा पत्रा भर उन्हात 65-70 अंशांपर्यंत सहज तापतो. पांढरा किंवा पांढरट पत्रा त्याच उन्हात कितीतरी कमी तापतो, कारण तो ऊन परतवतोही आणि शोषलेली उष्णता लवकर बाहेरही टाकतो. बिनरंगाचा चकचकीत पत्रा दिसायला थंड वाटतो. तो ऊन परतवतो खरा, पण आत शिरलेली उष्णता सहजी सोडत नाही, म्हणून तोही पोळतो. एकाच कंपनीच्या एकाच जाडीच्या पत्र्यात रंगामुळे भावाचा फरक फारसा पडत नाही. फिका रंग निवडणे हा या शहरातला जवळजवळ फुकटचा लाभ आहे, आणि तोच बहुतेक घरे सोडून देतात.

रंगाच्या जोडीला छताची उंची लागते. पत्र्याची खालची कड जमिनीपासून निदान नऊ फूट वर असावी आणि आढ्याखाली गरम हवा बाहेर पडायला वाट असावी. पत्र्याखाली फॉइलचे आवरण लावायचे तर फॉइल आणि पत्रा यांच्यात हवेची पोकळी हवी. पत्र्याला चिकटवून टाकलेल्या फॉइलचा उपयोग तितका होत नाही. थर्माकोलचे छत स्वस्त पडते, पण ते झटकन पेट घेते आणि त्याचा धूर विषारी असतो. चूल, गॅस किंवा मागाची मोटर ज्या खोलीत आहे, तिथे ते लावूच नये.

आता जाडी. फसगत सर्वांत जास्त इथेच होते. दुकानात पत्रा गेजवर विकला जातो आणि गेजचा आकडा उलटा चालतो : आकडा मोठा, तर पत्रा पातळ. शिवाय गेजची मापे एकच नाहीत. 26 गेज म्हणजे ब्रिटिश मापाने साधारण 0.46 मिलिमीटर आणि अमेरिकी जस्ती पत्र्याच्या मापाने 0.55. विकणारा आणि घेणारा दोघेही 26 म्हणतात आणि दोघांच्या मनात वेगळा पत्रा असतो. म्हणून बोलणी मिलिमीटरमध्येच करावीत. त्यातही जाडी तीन प्रकारे सांगता येते : नुसत्या लोखंडाची, जस्ताच्या किंवा जस्त-ॲल्युमिनियमच्या थरासह, आणि वरच्या रंगासह. रंगासकट 0.50 भरणाऱ्या पत्र्यात लोखंड 0.43 च्या आसपासच असू शकते. भार पेलतो तो लोखंडाच्या जोरावर. बिलावर यातली कोणती जाडी लिहिली आहे, हे विचारून घ्यायलाच हवे.

मायक्रोमीटर प्रत्येकाजवळ नसतो, पण वजनकाटा प्रत्येक पेठेत आहे. चार फूट म्हणजे 1,220 मिलिमीटर रुंदीच्या सपाट पट्टीतून घडवलेला दहा फुटी पत्रा लोखंडाच्या जाडीने 0.50 मिलिमीटरचा असेल, तर त्याचे वजन साडेचौदा किलोच्या जवळपास भरते. 0.45 चा तेरा किलो, 0.40 चा साडेअकरा ते बारा आणि 0.35 चा दहा किलो. थराच्या प्रकारानुसार त्यात थोडे इकडेतिकडे होते, पण साडेचौदाच्या जागी अकरा किलो भरले तर तो फरक थराचा नव्हे. पत्र्याच्या खालच्या बाजूला कंपनीचे नाव, जाडी आणि थर छापलेला असतो, तो वाचावा. पण नामवंत कंपन्यांचे छापही नकली निघतात, काट्याला मात्र फसवता येत नाही. बंडलातला मधला एक पत्रा काढून तोलायला जो दुकानदार आनंदाने तयार होतो, त्याच्याकडून माल घ्यावा.

थराचा हिशेब ग्रॅममध्ये असतो. जस्ती पत्र्यावर 120 लिहिले असेल, तर एका चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून 120 ग्रॅम जस्त. 275 चा थर अर्थातच जास्त टिकतो. जस्त-ॲल्युमिनियमच्या थरात 55 टक्के ॲल्युमिनियम असते आणि 150 ग्रॅमचा थर चांगला समजला जातो. समुद्रकाठी या आकड्यावर सगळे अवलंबून असते. सोलापूरच्या कोरड्या हवेत पत्रा त्या मानाने सावकाश गंजतो. त्यामुळे पैसे मोजकेच असतील, तर इथे ते भारी थरापेक्षा जाड लोखंडावर आणि चांगल्या स्क्रूंवर घालवणे शहाणपणाचे. एक खूण मात्र इथेही पाहावी : एकावर एक रचलेल्या पत्र्यांत पाणी शिरून राहिले तर त्यांवर पांढरी भुकटी धरते. हा जस्ताचा गंज. असा पत्रा सवलतीत मिळाला तरी घेऊ नये.

सिमेंटचा पत्रा लोखंडी पत्र्यापेक्षा कमी तापतो आणि पावसात वाजत नाही, म्हणून मागांच्या शेडवर तो बराच दिसतो. पण या पत्र्यात वर्षानुवर्षे ॲस्बेस्टॉसचे तंतू वापरले गेले आहेत. ॲस्बेस्टॉसचा प्रत्येक प्रकार कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि साठाहून अधिक देशांनी त्यावर बंदी घातली आहे. भारतात असे पत्रे अजून विकले जातात. धोका सर्वांत मोठा तो पत्रा कापताना, भोक पाडताना, घासताना किंवा फोडताना, कारण तेव्हा तंतू हवेत मिसळून श्वासावाटे आत जातात. राहत्या घरासाठी असा पत्रा नव्याने घेऊ नये. सिमेंटचाच हवा असेल तर ॲस्बेस्टॉसविरहित पत्रा मागावा आणि तसे बिलावर लिहून घ्यावे. जुना उतरवायचा असेल तर तो पाणी मारून ओला करावा, अखंड उतरवावा, मुले आणि म्हातारी माणसे दूर ठेवावीत. त्याचे तुकडे करून ओट्याला किंवा मोरीला लावण्याची सवय घातक आहे. दुसरी गोष्ट, हा पत्रा माणसाचे वजन पेलत नाही. पतंग किंवा चेंडू काढायला वर गेलेले मूल पत्र्यासकट खाली येते. उजेडासाठी मध्ये बसवलेल्या पारदर्शक पत्र्याचेही तसेच.

पत्रा पसंत करण्याआधी सांगाडा ठरलेला असावा. 0.50 मिलिमीटरच्या पत्र्याला आडव्या पाइपांमध्ये चार ते साडेचार फूट अंतर चालते, पातळ पत्र्याला तीन फुटांच्या आत आधार लागतो. स्वस्त पातळ पत्र्यात वाचलेले पैसे असे पाइपात जातात. उतार दहा फुटांना निदान एक फूट ठेवावा, म्हणजे बारा फुटी खोलीला सव्वा फुटाच्या आसपास. पेठेतल्या कितीतरी घरांवर सहा इंचांवर भागवलेले असते. मग सप्टेंबरच्या मोठ्या पावसात पाणी जोडांखालून मागे चढते, आणि दोष मात्र पत्र्याला दिला जातो. पाणी कोणाच्या अंगणात पडणार हेही उतार ठरवतानाच पाहावे. बोळ अरुंद असला तर पागोळी शेजाऱ्याच्या भिंतीवर पडते, म्हणून पन्हळ आणि तिचा नळ यांचा खर्च पत्र्याच्याच हिशेबात धरावा.

वळिवाचा वारा पत्र्याला दाबतो त्यापेक्षा जास्त वर उपसतो, आणि हा उपसा कडांवर, कोपऱ्यांवर सर्वांत जोराचा असतो. चौरस मीटरला चार किलो वजनाचा पत्रा त्यापुढे स्वतःच्या भाराने टिकत नाही. म्हणून वळचणीला आणि कोपऱ्यांना स्क्रू किंवा हूक दाट लावावे लागतात, आणि सांगाडाही भिंतीत पक्का रोवावा लागतो. नाहीतर पाइपांसकट छप्पर उचलले जाते. पत्र्यावर दगड ठेवण्याची रीत शहरभर दिसते. वादळाचा जोर दगडाला पेलत नाही. पत्रा उडतो आणि दगड खालच्या बोळात, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्यावर पडतो. ही रीत बंद व्हायला हवी.

मापात एक चूक ठरलेली असते. साडेतीन फुटी म्हणून विकला जाणारा पत्रा जोड धरून प्रत्यक्षात एक मीटर, म्हणजे तीन फूट तीन इंचच झाकतो. चोवीस फूट लांबीच्या छपराला साडेतीनने भागले तर सात पत्रे पुरे वाटतात, लागतात आठ. आठवा पत्रा नंतर आणला की रंगाची छटा जुळत नाही, कधी जाडीही जुळत नाही. लांबी मात्र मशीनवर हवी तेवढी कापून मिळते. शक्य तिथे आढ्यापासून वळचणीपर्यंत एकच अखंड पत्रा घ्यावा, म्हणजे आडवा जोड राहत नाही. जोड द्यावाच लागला तर निदान सहा इंच एकावर एक यायला हवेत. उभ्या जोडाची उघडी कड पावसाळी वाऱ्याच्या, म्हणजे पश्चिमेच्या, विरुद्ध बाजूला ठेवावी.

स्क्रू हा बिलातला सर्वांत छोटा आकडा, आणि गळती बहुधा तिथूनच सुरू होते. सहा मीटर लांबीचा लोखंडी पत्रा थंडीतल्या पहाटेपासून उन्हाळ्यातल्या दुपारपर्यंत साडेतीन मिलिमीटरने लांब होतो. ही ये-जा वर्षानुवर्षे स्क्रूच्या भोकाशी चालते. हलक्या रबराचा वायसर उन्हाने तडकतो, भोक मोठे होते, पाणी शिरते. ऊन सोसणाऱ्या चांगल्या रबराच्या वायसरसह गंजरोधक स्क्रू घ्यावेत आणि ते पत्र्याच्या उंचवट्यावर मारावेत, जिथून पाणी वाहते त्या खोलगट भागात मारू नयेत. पत्रा ग्राइंडरने कापला की ठिणग्यांनी रंग आणि जस्त जळते आणि वर्षभरात तिथे तांबूस डाग उमटतात. कातरीने कापणारा कारागीर शोधावा. विजेची वायर पत्र्याला घासत जाऊ देऊ नये आणि लोखंडी सांगाड्याला अर्थिंग द्यावे. वायर सोलवटली तर सगळे छप्पर वीज धरते.

खरेदीला जानेवारी-फेब्रुवारी बरा. मेअखेरीस गर्दी असते, कारागीर घाईत असतात आणि शिल्लक राहिलेला माल गळ्यात पडतो. पक्के बिल घ्यावे, त्यावर जाडी, थर आणि कंपनीचे नाव असावे. हमीचा दावा त्याशिवाय चालत नाही. छप्पर बसल्यानंतर दरवर्षी वळीव सुरू होण्याआधी, मार्चमध्ये, शिडी लावून ढिले झालेले स्क्रू आवळून घ्यावेत आणि तडकलेले वायसर बदलावेत.