स्केल नदीकांठची प्रदक्षिणा
(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



आज आपणां सर्वांची दृष्टि आपल्या ख्रिस्तमंदिराच्या भिंतींवर व मनोऱ्यावर खिळली आहे, आणि तें योग्यच होय. तथापि आम्ही आपणांस क्षणभर इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांत, रिपन गांवाजवळच्या स्केल नदीकांठीं नेणार आहों. तेथें एक फेरफटका आम्हांस घडला होता.

स्टडली रॉयल नांवाच्या विस्तीर्ण उपवनांत जुन्या वृक्षांखालीं हरणांचे कळप निर्भयपणें चरतात. तेथून वाट तळ्याच्या कांठानें पुढें जाऊन उंचावरील झाडींत शिरते. एका वळणावर झाडी दूर होते आणि खालीं फाउंटन्स मठाचे भव्य अवशेष अकस्मात् दिसतात. 1132 सालीं यॉर्क येथील 13 संन्यासी अधिक कडक व्रत पाळावें म्हणून या दरींत येऊन राहिले. त्यांच्या मठानें नदीवर दगडी कमानी घालून इमारती उभारल्या व तिच्या पाण्यावर पिठाची गिरणी चालविली. 16 व्या शतकाच्या आरंभीं मठाधिपति ह्यूबी यांनीं 150 फुटांहून उंच मनोरा बांधला. आणि थोड्याच वर्षांनीं, 1539 सालीं, आठव्या हेन्री राजाच्या अमलांत मठ बंद झाला. आज तेथें छप्पर नाहीं, घंटा नाहीं. गिरणी मात्र 1927 पर्यंत दळत होती.

त्या मनोऱ्याखालीं उभे असतां आम्हांस आपल्या मनोऱ्याची आठवण झाली, व खरें सांगावयाचें तर भय वाटलें.

परतीची वाट नदीच्या कांठानें होती. पाण्याकडे पाहतां पाहतां मन शांत झालें. मठ मोडल्यावर सुमारें 10 वर्षांनीं त्याच देशांत फादर थॉमस स्टीफन्स जन्मले. 1579 सालीं ते गोव्यास आले, आणि 1616 सालीं त्यांचें ‘क्रिस्तपुराण’ आपल्या मराठींत प्रसिद्ध झालें. तिकडे भिंती पडल्या. श्रद्धेचा ओघ मात्र समुद्र ओलांडून आपल्या ओसरीपर्यंत आला.

प्रदक्षिणा जेथून निघते तेथेंच परत येते. म्हणून आपणही स्वगृहीं परतूं या. मनोऱ्यासाठीं आपण उदार हस्तें वर्गणी दिली, त्याबद्दल आम्ही ऋणी आहों. परंतु ज्या घरांत संध्याकाळची रोझरी बंद पडली आहे, तेथें ती आज रात्रीं पुन्हां सुरू व्हावी, एवढेंच आमचें मागणें आहे. मनोरा आपण बांधला. त्याखालीं उद्यां गुडघे टेकणारीं मुलें घरींच घडावयाचीं आहेत.