मेलेल्याच्या नावची जमीन
(जिल्हा बैठकीतील भाषण)



शेतकी कॉलेजात आम्हाला बोंडअळीच्या पिढ्या शिकवल्या. शेतकऱ्याच्या पिढ्या कोणी शिकवल्या नाहीत. त्या आम्ही तलाठ्याच्या दप्तरात बसून शिकलो.

यवतमाळकडचे एक घर. सात एकर कोरडवाहू, कपाशी आणि जवारी. पेरणारे दोघे भाऊ, पण सातबारा आज्याच्या नावावर. आजा 1971 साली गेला, बाप त्याच्यामागून गेला, फेरफार कोणी केलाच नाही. बँकेने सांगितले, मेलेल्या माणसाला पीककर्ज देता येत नाही. जिवंताला तरी कुठे धड देता, हे आम्ही मनात म्हटले.

1966 च्या महसूल संहितेत वारसाने तीन महिन्यांत वर्दी द्यावी असे लिहिले आहे. इथे पन्नास वर्षे उलटलेली. मग वंशावळ मांडायला बसलो. पहिला अडथळा नावाचा. सातबारावर म्हादू, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात मुलाच्या बापाचे नाव महादेव. 1954-55 चा अधिकार अभिलेख काढला. त्यात 'वल्द' म्हणून बापाचे नाव होते, सर्व्हे नंबरही तोच. म्हादू आणि महादेव एकच, हे तिथे ठरले. मराठवाड्यातल्या मंडळींनी त्याच सालचे खासरा पत्रक पाहावे. त्याआधीचे कागद निजामी अमलातले, बरेचसे उर्दूत, वाचणारा शोधावा लागेल. कोणाचे वाडवडील नाशिक-त्र्यंबकेश्वरी गेले असतील तर तीर्थोपाध्यायाच्या वहीत पिढ्या सापडतात. तहसीलदार ती वही मानेलच असे नाही, पण पुढे कोणता कागद मागायचा ते कळते.

मग कोतवाल बुक उघडले. त्यात जन्माची नोंद बाळाच्या नावाने नसते, बापाच्या नावाने असते. म्हादूच्या नावापुढे एका ठिकाणी नुसते लिहिले होते, 'मुलगी'.

दोघे भाऊ गप्प. मग थोरला म्हणाला, "आत्या तं कवाचीच आपल्या घरी गेली, तिले कायले लिहिता?"

भावांनो, इथे आम्ही पेन खाली ठेवला. वंशावळ शपथेवर द्यायची असते. जिवंत आत्या गाळली तर ती शपथ खोटी. शिवाय बाप 1956 नंतर गेला असेल तर त्याच्या वाट्यात मुलगी त्या वर्षीच्या हिंदू वारसा कायद्यानेच वारस आहे. वडिलोपार्जित जमिनीत 2005 च्या दुरुस्तीने ती मुलाच्या बरोबरीची झाली. त्या दिवशी बाप हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली सांगितले. तिला हक्क सोडायचा असेल तर तिने स्वतः, समजून, नोंदणीकृत हक्कसोड पत्र करावे. साडीचोळीवर कोऱ्या कागदावर अंगठा घेणे हा व्यवहार नव्हे, चोरी आहे.

आत्याला आणले. विधवा बाई, दुसऱ्या जिल्ह्यात मजुरीने निंदायला जाणारी. तिने सगळे ऐकले आणि म्हणाली, "वावर तुमीच वाहा. पण बापाच्या कागदावर माझं नाव लागू द्या."

धाकट्याला पटले. थोरला दोन महिने बोलला नाही, आणि तेवढ्यात कर्जाचा हंगाम गेला. फेरफार मात्र तीन नावांनी मंजूर झाला.

2025 साली सरकारने 'जिवंत सातबारा' मोहीम काढली. मृतांची नावे काढून वारस लावायचे. चांगली गोष्ट. पण सरकारला तुमच्या आत्याचे नाव ठाऊक नाही, ते तुम्हीच लिहायचे आहे. आज घरी गेल्यावर म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि त्याच्या बहिणी किती, ते आधी विचारा.