पूर्णेकाठचा हंगाम

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर सप्टेंबर ते डिसेंबर हा काळ्या मार्लिन माशाचा हंगाम. हौशी लोक भाड्याच्या बोटीनं तो धरायला जातात, पण बहुतेक मासे खूण लावून पुन्हा समुद्रात सोडतात.

आपल्या पुसेगावाहून समुद्र लांब. मात्र पूर्णा नदीवरची येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणं आपलीच. रोहू, कटला, मृगळ पावसाळ्यात पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात. साचलेल्या पाण्यात ते सहसा विणत नाहीत, म्हणून तलावात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडावी लागतात. आषाढात जाळ्यात आलेल्या मादीचं पोट फुगलेलं, हाताला मऊ लागतं. त्यात लाखो अंडी असतात.

मच्छीमार बांधवांनो, त्या मार्लिनसारखीच अशी मादीही सोडून द्या आणि बारीक आसाचं जाळं टाळा. पुढचा हंगाम तिच्याच पोटात आहे.