वजनरहित अवस्थेतील शस्त्रक्रिया



अपेंडिक्स सुजले तर आपण मिळेल त्या वाहनाने तालुक्याचे इस्पितळ गाठतो. हेच दुखणे मंगळाच्या वाटेवर असलेल्या यानात उद्भवले तर? पृथ्वीभोवती फिरणाऱ्या स्थानकातून रोग्याला निदान खाली तरी आणता येते. १९८५ साली अंतराळवीर वास्युतिन आजारी पडले, तेव्हा सोव्हिएत 'साल्युत-७' वरील मोहीम अर्धवट टाकून मंडळी परतली. मंगळाचा एकेरी प्रवासच सहा ते नऊ महिन्यांचा. तेथे अर्ध्या वाटेवरून माघारी वळता येत नाही.

मग यानातच चाकू चालवायचा म्हटले, तर पहिली अडचण रक्ताची. जमिनीवर रक्त खाली ओघळते. वजनरहित अवस्थेत 'खाली' असे काही उरतच नाही. पृष्ठताणामुळे (अभ्यासात आपण जो मार्कांपुरता पाठ करतो तोच!) रक्त जखमेवर घुमटासारखे साचून राहते आणि फुटलेली रक्तवाहिनी त्याखाली झाकली जाते. धमनी तुटली तर थेंब उडून खोलीभर तरंगतात. पोट उघडले की आतडी वर येऊ पाहतात. यावर उपाय म्हणून जखमेवर पारदर्शक घुमट बसवून त्यात खारे पाणी दाबाने भरण्याचे प्रयोग अमेरिकेत झाले आहेत.

माणसावरील पहिला प्रयोग फ्रान्सचा. २७ सप्टेंबर २००६ रोजी डॉ. दोमिनिक मार्तां व त्यांच्या सहकाऱ्यांनी एअरबस विमानात एका स्वयंसेवकाच्या हातावरील चरबीची गाठ काढली. विमान कमानीसारख्या मार्गाने उडवले की सुमारे वीस सेकंद वजनरहित अवस्था मिळते. तेवढ्यात कापायचे, मग थांबायचे, पुन्हा पुढची कमान! रोगी व डॉक्टर पट्ट्यांनी बांधलेले, हत्यारे लोहचुंबकाला चिकटवलेली. गाठ किरकोळ होती हे खरे, पण मोठ्या रोग्यावर असे धाडस करणे योग्यही झाले नसते. प्रत्यक्ष अंतराळात १९९८ च्या 'न्यूरोलॅब' मोहिमेत उंदरांवर शस्त्रक्रिया झाल्या होत्या.

यंत्रमानव हे काम करील, असे काहींना वाटते. फेब्रुवारी २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय स्थानकावरील छोट्या यंत्रमानवाकडून अमेरिकेतील सर्जनांनी जमिनीवर बसून रबराच्या पट्ट्या कापून घेतल्या. संदेश पोचायला सेकंदाहून कमी उशीर लागत होता, तरी हात जपून चालवावा लागला. मंगळाकडे संदेश जायला ३ ते २२ मिनिटे लागतात आणि उत्तर यायला पुन्हा तितकीच. तेवढ्यात रक्तस्राव थांबून राहत नाही. तेव्हा सर्जन यानातच हवा, नाहीतर यंत्राला स्वतःची अक्कल हवी.

आणि तो डॉक्टरच आजारी पडला तर? १९६१ साली अंटार्क्टिकावरील सोव्हिएत तळावर लिओनिद रोगोझोव्ह या एकुलत्या एका डॉक्टरने स्वतःचे अपेंडिक्स स्वतः कापून काढले. मदतीला एक मोटारचालक आणि एक हवामानतज्ज्ञ होता. एकाने आरसा धरला, दुसऱ्याने जखम उघडी धरली. तेथे निदान रक्त खाली ओघळत होते.