छावणींतली हजेरी



पावसाळा तोंडावर आला आहे, म्हणून आशाताई, अंगणवाडीच्या बाई, जलसुरक्षक आणि आम्ही मास्तर मंडळी आज एकत्र बसलों आहों. २०१९ च्या ऑगस्टांत आणि पुन्हां २०२१ च्या जुलैंत कृष्णा-पंचगंगेनें कोल्हापूर-सांगलीकडचीं गांवें बुडविलीं, तेव्हां लोकांना शाळांतून आणून ठेवावें लागलें. पुरांतून जीव वांचतो. पण एका छपराखालीं शेंकडों माणसें दाटलीं कीं जुलाब, पटकी, गोवर यांना आयतें रान मिळतें. डॉक्टर येतील मग पाहूं, असें म्हणणारांस आमचा एवढाच सवाल आहे : रस्ता पाण्याखालीं असतां डॉक्टर येणार कशांतून ?

१९७१ सालीं बंगालच्या सरहद्दीवर बनगांव येथें पूर्व बंगालांतून आलेल्या निर्वासितांत पटकीनें कहर केला. डॉ. दिलीप महालनबीस यांच्याजवळचें शिरेंतून द्यावयाचें सलाईन संपत आलें. तेव्हां त्यांनीं ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा पाण्यांत कालवून तें रोग्यांस पाजविलें. आणि पाजण्याचें काम कोणास शिकविलें? रोग्यांच्याच आईबापांस, भावाबहिणींस ! शेंकडा ३० च्या घरांतलें मरण शेंकडा ४ च्या खालीं आलें. हीच विद्या पदवीवाल्यांच्या कपाटांत कुलूपबंद राहती तर किती चिता पेटल्या असत्या ?

तेव्हां ओआरएसची पुडी न मिळाली तर काय करावें हें प्रत्येक आईला पाठ पाहिजे : एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. जुलाब लागले कीं लेकराचें पाणी तोडण्याची चाल कांहीं घरांत अजून आहे. ती घातक आहे. अंगावरचें दूधही चालूच ठेवावें.

आतां हजेरी. हें तर आमचें रोजचें काम. छावणींत रोज सकाळीं वही घेऊन खोलीखोलींतून फिरावें. जुलाब कोणास, ताप कोणास, कोणाच्या अंगावर पुरळ, कोणती बाई कितव्या महिन्यांत, क्षयाच्या गोळ्या कोणाच्या घरींच राहिल्या, सारें लिहावें. पुराच्या पाण्यांतून चालून आलेल्यास ताप येऊन पोटऱ्या दुखूं लागल्या तर तो लेप्टो असूं शकतो. त्याला त्याच दिवशीं दवाखान्यांत पोंचवावा. पुरळाची वर्दीही त्याच दिवशीं गेली पाहिजे. वही नसली कीं सांथ चार दिवसांनीं कळते.

जगांतील मदतसंस्थांचें किमान माप माणशीं रोज १५ लिटर पाणी व २० माणसांमागें एक संडास असें आहे. म्हणजे शाळेंत ४०० माणसें आलीं तर ६,००० लिटर पाणी व २० संडास ! आपल्या शाळांत किती आहेत तें ज्यानें त्यानें मोजावें, आणि उरलेल्यांची तजवीज ग्रामपंचायतीकडून आतांच करून घ्यावी. बायांच्या संडासाला कडी व दिवा हवाच. आणि झाडलोटीचें काम एकाच जातीच्या माथीं मारण्याची चाल आम्हांस मुळींच मान्य नाहीं. जो वापरील त्याच्या घरानें पाळी घ्यावी, पाटलाच्या घरानेंही.

असो. बोलणें पुष्कळ झालें. अर्ध्या तासापूर्वीं या पिंपांत टीसीएल कालविलें आहे. ओटीचा थेंब टाकल्यावर पाणी पिवळें झालें तर क्लोरीन शिल्लक आहे असें समजावें. ज्यांनीं ती बाटली कधीं हातांत धरली नाहीं, त्या बायांनीं आधीं पुढें यावें.