पालखी आणि गलबत : माणूस, यंत्र आणि विद्यार्थ्यांचे प्रकल्प

(मुरुड येथे महाविद्यालयीन विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मुरुडसमोरच्या समुद्रात कांसा बेटावर शिवछत्रपतींनी उभारलेला पद्मदुर्ग आहे आणि दक्षिणेला राजपुरीच्या खाडीमुखाशी सिद्दीचा जंजिरा. या दोन दुर्गांच्या इतिहासात लाय पाटील या कोळी वीराचे नाव आदराने घेतले जाते. रात्रीच्या अंधारात जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावण्याचे अचाट साहस त्यांनी केले. मागून यावयाची कुमक वेळेत पोहोचली नाही, मोहीम फसली. पण महाराजांनी त्या पराक्रमाची कदर करून लाय पाटलांना पालखीचा मान देऊ केला. परंपरेने सांगितले जाते की, पाटलांनी तो नम्रपणे नाकारला. ज्याचे आयुष्य दर्यावर जाते, त्याने पालखीत कोठे बसावे? तेव्हा महाराजांनी एक गलबत बांधवून त्याचे नावच ‘पालखी’ ठेवले आणि ते पाटलांच्या स्वाधीन केले.

या कथेत राजाचे औदार्य आहेच, पण त्याहून महत्त्वाची गोष्टही आहे. दिलेली वस्तू कितीही मौल्यवान असली, तरी घेणाऱ्याच्या जीवनात ती बसत नसेल तर तिचा उपयोग शून्य. महाराजांनी माणसाला वस्तूसाठी बदलायला सांगितले नाही. माणूस पाहून वस्तू बदलली. आज संगणकशास्त्रात ‘मानव-संगणक आंतरक्रिया’ नावाची जी शाखा शिकवली जाते, तिचे मर्म नेमके हेच आहे. संगणकाचा वेग किंवा स्मरणशक्ती हा तिचा विषय नव्हे. समोर बसलेल्या माणसाला यंत्र कळते का, वापरता येते का, चूक झाली तर सावरता येते का, हा तिचा विषय. ९ डिसेंबर १९६८ रोजी अमेरिकेत डग्लस एंगेलबार्ट यांनी ‘माऊस’ जगासमोर चालवून दाखविला, तेव्हापासून या विचाराला जोर चढला. मात्र तिकडे गृहीत धरलेला माणूस कार्यालयात, मेजापाशी, इंग्रजी वाचत बसलेला होता. आपल्याकडचा माणूस होडीत उभा आहे, बाजारात टोपलीपाशी बसला आहे, शिधावाटपाच्या रांगेत आहे.

यंत्र मतदाराकडे आले

या माणसासाठी भारताने काही घडवलेच नाही, असा न्यूनगंड बाळगण्याचे कारण नाही. आपले मतदान यंत्र आठवावे. १९८२ साली केरळमधील परूर मतदारसंघातील काही केंद्रांवर ते प्रथम वापरले गेले. पुढे कायद्यात दुरुस्ती झाली आणि २००४ च्या लोकसभा निवडणुकीत ते देशभर पोहोचले. त्याच्या रचनेत पवईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्राचे प्रा. ए. जी. राव आणि प्रा. रवी पूवय्या यांचा वाटा आहे. त्या यंत्रावर मतदाराला ओळखीची मतपत्रिकाच दिसते: नाव, चिन्ह, आणि त्याच ओळीत एक निळे बटण. दाबले की लाल दिवा लागतो, लांब आवाज येतो, मत नोंदले गेल्याचे कळते. अक्षरओळख नसलेली आजीही ते कोणाच्या मदतीवाचून वापरते. कोट्यवधी लोकांना शिकवणी लावावी लागली नाही, कारण लोकांच्या सवयीचा अभ्यास रचनाकारांनी आधीच केला होता.

लिपी वाकली आणि लिपी ताठ उभी राहिली

दुसरा धडा आपल्या लिपीचा. याच किनाऱ्याच्या दक्षिणेला, रत्नागिरीत स्थानबद्ध असताना स्वातंत्र्यवीर सावरकरांनी लिपिशुद्धीची चळवळ चालवली. ‘अ’च्याच बाराखडीतून इ, ई, उ, ऊ लिहावे, ही त्यांची सूचना सर्वश्रुत आहे. देवनागरी छपाईला शेकडो खिळे लागत. ते कमी झाले तर स्वभाषेचे मुद्रण सोपे आणि स्वस्त होईल, हा त्यामागचा व्यवहारी विचार होता. यंत्र ताठर होते, म्हणून लिपीने थोडे वाकावे, असे त्या काळाचे गणित होते.

संगणक आला आणि हे गणित उलटले. वाकण्याची क्षमता आता यंत्राकडे आली. १९८० च्या दशकात ठरलेल्या ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलकाने स्वर डावीकडे आणि व्यंजने उजवीकडे ठेवून सर्व भारतीय लिप्यांना एकच मांडणी दिली. सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ हा टंक ‘विंडोज २०००’ बरोबर घरोघरी गेला. २०१३ मध्ये पवईच्याच केंद्रातून प्रा. अनिरुद्ध जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली भ्रमणध्वनीसाठी ‘स्वरचक्र’ आले. त्यात ‘क’वर बोट ठेवले की भोवती का, कि, की, कु यांचे चक्र उमटते. मराठी मूल पाटीवर जी बाराखडी गिरवते, तीच या कळफलकाची रचना. शाळेत जे शिकलो तेच यंत्रात सापडले, की भीती निम्मी ओसरते. परंपरेचा असा उपयोग करणे हीसुद्धा आधुनिकताच होय.

मुरुडमधील पाच प्रकल्प

आता प्रश्न येतो: मुरुडच्या विद्यार्थ्याने प्रकल्पासाठी विषय कोठे शोधावा? उत्तर घराच्या उंबरठ्याबाहेर आहे.

पहिला प्रकल्प समुद्रावरचा. हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजे ‘इन्कॉईस’, १९९९ पासून कार्यरत आहे. उपग्रहांनी टिपलेले समुद्रपृष्ठाचे तापमान आणि हरितद्रव्य यांवरून मासळी कोठे मिळण्याचा संभव आहे, याची सूचना ते देते. सूचनेत दिशा, किलोमीटरमधील अंतर, मीटरमधील खोली आणि अक्षांश-रेखांश असतात. पण तांडेल खोली वावांत मोजत असेल, तर? डोक्यावर ऊन, हात ओले, कानाशी इंजिनाची धडधड. अशा वेळी ती सूचना लिखित हवी, नकाशात हवी की बंदरावरून निघण्यापूर्वीच ऐकवायला हवी? विद्यार्थ्यांनी एकच सूचना तीन रूपांत मांडावी आणि तांडेल कोणती वापरतो ते पाहावे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात त्यांना विचारायला सवडही मिळते.

दुसरा प्रकल्प वादळाचा. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले आणि मुरुड-श्रीवर्धनच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. वीज गेली, दूरध्वनी मुके झाले. ‘ताशी १०० ते ११० किलोमीटर वेगाचे वारे’ हे वाक्य ऐकून किती जणांच्या डोळ्यांसमोर चित्र उभे राहते? ‘कौले उडतील, झाडे मोडतील, वाडीत जाऊ नका’ हे मात्र तत्काळ कळते. वीज आणि दूरसंचार दोन्ही नसताना इशारा आणि मदतीची माहिती कशी पोहोचेल? देवळातील फलक, भोंग्याच्या ठरलेल्या खुणा, जुनी दवंडी यांची आजच्या साधनांशी सांगड घालणे, हा उत्तम प्रकल्प होय.

तिसरा प्रकल्प बोटांच्या ठशांचा. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे दिला गेला. पण जाळ्याचे दोर ओढून आणि सुपारी सोलून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या, त्यांचा ठसा यंत्र कधी कधी ओळखत नाही. त्या क्षणी यंत्र काय म्हणते? नुसतेच नकार देते, की ‘दुसरे बोट ठेवून पाहा’ असे मराठीत सुचवते? पर्यायी मार्ग कोणता, हे कोण सांगते? केवळ या संदेशांची भाषा सुधारणे एवढाच प्रकल्प केला, तरी रांगेतला एक अपमान कमी होईल.

चौथा प्रकल्प पैशांचा. २०१६ मध्ये ‘यूपीआय’ आले आणि आज मासळीबाजारातही चौकोनी ठिपक्यांचा फलक दिसतो. त्याच्या जोडीला किती रुपये जमा झाले ते बोलून सांगणारी पेटी आली. हात मासळीत गुंतलेल्या बाईला पडदा पाहावा लागत नाही. हा रचनेचा सुंदर नमुना आहे. पण पैसे देण्याची बाजू तितकी सोपी नाही. अनेक ज्येष्ठ मंडळी भ्रमणध्वनी दुसऱ्याच्या हाती देतात आणि गुप्त क्रमांक मोठ्याने सांगतात. आयुष्यभराची पुंजी अशी परक्याच्या प्रामाणिकपणावर सोडली जाते. त्यांना स्वतःच्या हाताने, निर्धास्तपणे व्यवहार करता येईल अशी रचना कशी असावी?

पाचवा प्रकल्प बोलीचा. २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘भाषिणी’ हा उपक्रम सुरू केला. त्यातून भारतीय भाषांचे उच्चार ओळखणारी आणि भाषांतर करणारी साधने उपलब्ध झाली आहेत. कोळी आणि आगरी बोली या साधनांना कितपत कळते, हे तपासावे. जाळी, होड्या, वारे, भरती-ओहोटी यांचे दोनशे शब्द आजी-आजोबांकडून, त्यांच्या संमतीने, ध्वनिमुद्रित करावेत. बोली टिकवण्याचे कामही त्यातून आपोआप होईल.

प्रकल्पाची रीत

या कामाला महागडी साधने लागत नाहीत. पडदे आधी कागदावर काढावेत आणि समोरच्या माणसाला कागदावरच बोट ठेवायला सांगावे. सुरुवातीला पाच माणसे पुरतात, असे या क्षेत्रातील जाणकार जेकब निल्सन सांगतात. तेवढ्यांतच बहुतेक ठळक दोष उघडे पडतात. सर्वांत कठीण गोष्ट एकच: शेजारी बसावे आणि गप्प राहावे. ‘आजी, तिथे दाबा’ असे म्हटले की परीक्षा आजींची होते. गप्प राहिले की परीक्षा आपल्या रचनेची होते. बोट कोठे अडखळले, कपाळावर आठी कोठे पडली, याची नोंद हाच प्रकल्पाचा खरा ऐवज. ‘मला मेलीला काही जमत नाही’ असे आजी म्हणाल्या, तर ते वाक्यही लिहून ठेवावे आणि तो दोष आपल्या खात्यावर मांडावा.

कोणी म्हणेल, ही कामे मोठ्या कंपन्या करतीलच. त्यांची दृष्टी कोटींच्या ग्राहकसंख्येवर असते. एका तालुक्यातील तांडेलांच्या वावांचा हिशेब त्यांना परवडत नाही. कोणी म्हणेल, लोक शिकतील हळूहळू. लोक शिकतातच, होकायंत्र वापरणारे हात आज ‘जीपीएस’ही चालवतात. परंतु शिकण्याचा सगळा भार ज्याच्याकडे साधने सर्वांत कमी त्याच्यावरच टाकणे, हा न्याय नव्हे. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत चार व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडले. त्यांच्या अंत्योदयाच्या विचारात रांगेतला शेवटचा माणूस हीच प्रगतीची कसोटी आहे. संगणकाच्या पडद्यालाही हीच कसोटी लावली पाहिजे.

म्हणून, विद्यार्थी मित्रहो, यंदाच्या प्रकल्पवहीच्या पहिल्या पानावर तंत्रज्ञानाचे नाव लिहू नका. ज्याच्यासाठी काम करायचे त्या माणसाचा व्यवसाय लिहा, त्याचा दिवस कसा जातो ते लिहा, त्याचे यंत्राशी कोठे अडते ते लिहा. आणि काम पूर्ण झाल्यावर परीक्षकांच्या आधी ते त्या माणसाला दाखवा. त्याला कोणाच्या मदतीवाचून ते वापरता आले, तर गुणपत्रिकेत काहीही येवो, प्रकल्प उत्तीर्ण झाला असे खुशाल समजा.